घरातला बुडालेला माणूस

दिराच्या नाटकात तिचा नवरा शेवटच्या अंकात बुडून मरायचा. भर वादळात सात जणांना किनाऱ्याला लावायचा आणि आठव्यासाठी मागे फिरायचा तो कायमचाच. प्रेक्षागृहात हुंदके फुटायचे. खरा नवरा बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात कारकून होता आणि होडीत नुसता पाय ठेवला तरी त्याला मळमळायचं.

दीर मोठा लेखक. सगळी पुस्तकं समुद्रावर. वर्षाकाठी दोन दिवस यायचा, मासळीच्या वासाने डोकं उठतं म्हणून खिडक्या लावून झोपायचा आणि परत गेला की ‘खाऱ्या वाऱ्यानेच मला घडवलं’ असं मुलाखतीत सांगायचा. नाटकाच्या जाहिरातीत त्याने ‘सत्यघटना’ असं ठोकून दिलं आणि लोक घर बघायला येऊ लागले.

“दादा, लोक आले की जरा आतल्या खोलीत बसत जा,” त्याने भावाला गळ घातली. “हंगाम संपेपर्यंतच.”

“मेलेल्या माणसाला हंगाम असतो होय, भाऊजी?” तिने विचारलं.

पण नवरा मुकाट्याने आत जाऊन बसला. तिला ते फार लागलं. रोज सकाळी देवापुढे हात जोडून ती एकच मागायची, ह्यांना उदंड आयुष्य दे. देवाने दिलं होतं. आणि हे महाशय ते दाराआड लपवून बसले होते.

एके दुपारी दीर नाटकातल्या नटीलाच घेऊन आला. नाटकात वहिनीचं काम करायची ती हीच.

“ताई, तुम्ही त्यांची वाट बघत कुठे बसता, तेवढं दाखवा ना.”

“वाट कशाला बघू? आत आहेत ते. चहा पितायत.”

नटीचे डोळे डबडबले. तिने हिचा हात घट्ट धरला आणि दिराकडे वळून कुजबुजली, “यांनी अजून मान्यच केलेलं नाही हो! हे आपल्या नाटकात कुठे आहे? घ्यायलाच हवं.”

“अहो, बाहेर या बघू!” तिने हाक मारली.

आत कपबशी किणकिणली आणि थांबली.

“अहो!”

कोणी आलं नाही.

“रोज अशाच हाका मारतात?” नटीने विचारलं. आणि त्या मेल्या दिराने, खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याने, मान खाली घालून ‘हो’ म्हटलं!

मंडळी गेल्यावर नवरा रिकामा कप घेऊन बाहेर आला. “रडली का गं ती?”

“रडली. तुम्ही का नाही आलात?”

“येऊन काय दाखवू? पोट सुटलेला कारकून?” तो ओशाळं हसला. “तिकडे माझ्यासाठी टाळ्या पडतात गं.”

“मला हाच कारकून हवाय,” ती हळूच म्हणाली. तिचा आवाज कधी चढायचा नाही. “उद्या ओट्यावर बसायचं. सगळ्यांसमोर. नाहीतर कोणी विचारलं तर तुम्ही गेलात असं मीच सांगेन. आणि मी खोटं बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.”

दुसऱ्या दिवशी तो बसला. इस्त्रीचा शर्ट, भांग नीट पाडलेला. कोणीतरी ओळखेल अशी आशाही असावी बापड्याला.

सकाळीच एक घोळका आला. त्यातला एक जण कॅमेरा सरसावून म्हणाला, “काका, जरा बाजूला होता का? त्या बिचारीच्या घराचा फोटो काढायचाय.”

ती दारातच उभी होती. ‘घर माझं आहे’, एवढंच तर म्हणायचं होतं त्याने.

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली, उठला आणि अदबीने म्हणाला, “इथून काढा. खिडकीही चांगली येईल.”

कॅमेरेवाल्याची नजर दाराकडे गेली. “तुम्हीच ना त्या? तुमचे मिस्टर खरंच…?”

“गेले ते,” ती नवऱ्याकडे बघत म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.