सखूबाईच्या कोनाड्यातला गोटा

मी एक गोटा आहे. बटाट्याएवढा, काळा, खरबरीत. शिकलेल्या लोकांनी माझ्या जातीला भलंमोठं नाव दिलंय म्हणे. आदिलाबादकडच्या तामसीजवळच्या या वस्तीत मला गोटाच म्हणतात, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही.

माझा जन्म एका दातामुळे झाला. हिंदी महासागरात कुण्या शार्क माशाचा दात गळून पडला आणि पाच किलोमीटर खाली चिखलावर येऊन बसला. तिथे उजेड कधीच पोचत नाही. पाण्यात विरघळलेलं मँगनीज, लोखंड, थोडं तांबं, थोडं निकेल कणाकणाने त्या दातावर बसू लागलं. त्या पुटांचाच मी झालो. दहा लाख वर्षांत माझं पूट तिळाएवढं वाढायचं. अधूनमधून एखादा आंधळा किडा मला खालून ढकलायचा, म्हणून मी चिखलात गडप झालो नाही. तेवढाच काय तो शेजार. माझ्यासारखे हजारो गोटे आजूबाजूला पडलेले, पण कोटभर वर्षांत एकानेही हूं की चूं केलं नाही.

मी एकटा होतो, पण ते मला ठाऊकच नव्हतं. एकटेपण कळायला आधी कोणीतरी भेटावं लागतं. मला दौलत भेटला.

त्र्याऐंशी साल असेल. समुद्राचा तळ तपासणाऱ्या एका जहाजावरून लोखंडी पंजा खाली आला आणि मला चिखलासकट वर घेऊन गेला. दौलत त्या जहाजावर खलाशी होता. आम्हाला धुवायचं, तोलायचं, पिशवीत भरायचं, हे त्याचं काम. जहाजावरच्या साहेबांना विचारून त्याने मला ठेवून घेतलं. त्याचा तळहात गरम होता. मी हरखून गेलो हो, खोटं कशाला बोलू?

सुट्टीत त्याने मला घरी आणलं, आईला दाखवायला. आई म्हणजे सखूबाई. नवरा कधीच गेलेला, दौलत एकुलता एक. तिने वीस वर्षं इथल्या मँगनीजच्या खाणीवर दगड फोडून निवडले होते. खाण बंद पडली, पण दगडाची पारख हातात राहिली. दौलतने आता घरीच राहावं, एवढंच तिचं मागणं होतं. शाळेत अटेंडरची, म्हणजे शिपायाची, जागा निघाली होती आणि बाबाराव गुरुजींनी शब्द टाकला होता. शनिवारपर्यंत अर्ज द्यायचा होता. दौलतला समुद्रावर परत जायचं होतं, पण ते तोंडाने सांगवेना. मग त्याने मलाच पुढे केलं.

"माय, हे पाय. मँगनीज हाय. समुद्रातलं."

सखूबाईने मला तळहातावर तोललं आणि नाक मुरडलं. "हलकं हाय रे. असा गोटा आमी खाणीवर फेकून देत होतो."

मला वाईट वाटलं. आमच्या अंगभर बारीक छिद्रं असतात, त्याला मी काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलत विहिरीवर आंघोळीला गेला. सखूबाईने आपली जुनी हातोडी काढली आणि मला पायरीच्या दगडावर ठेवलं. खाणीवरची बाई दगडाच्या कातडीवर विश्वास ठेवत नाही. एकाच घावात माझे दोन तुकडे झाले. दुखलं, फार दुखलं.

दौलत ओल्या अंगानेच धावत आला. "माय! काऊन फोडलं?"

"पोट पायल्याबिगर कसं समजन?" असं म्हणून ती माझ्या पोटात बघू लागली. आत पुटांवर पुटं होती आणि मधोमध तो दात.

"हे काय हाय?"

"मासोळीचा दात. त्याच्या भवताल हे सारं जमलं. कोटभर वर्सं लागली, माय."

"याच्याजवळ कोनी होतं?"

"कोनी नाई. नुस्ता अंधार."

"अन् तुले हेच काढाले परत जायचं हाय?"

दौलतने मान खाली घातली. "हो."

सखूबाईने माझ्या पुटांवरून अंगठा फिरवला. मग सुई आणून तो दात उकरून काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. "मंग जाय. दगडाचं येड तुले माह्याकडूनच आलं. अर्ज नको देऊ, गुरुजीले मी समजावीन. माही काळजी करू नको. मले काय कमी कामं हायेत?"

तो निघाला त्या दिवशी ती रडली नाही. बस लवकर हलवली म्हणून कंडक्टरलाच चार शब्द सुनावले.

याला आता तिसरं वर्ष. माझे दोन्ही तुकडे कोनाड्यात आहेत आणि पोटात दाताएवढी खळी आहे. पत्रं येतात, गुरुजी वाचून दाखवतात. सुट्टी दोनदा पुढे गेली. संध्याकाळी आदिलाबादच्या बसचा हॉर्न वाजला की सखूबाई हातातलं काम टाकून दारात येते. बस रिकामी होऊन निघून जाते. "आज नाई," असं ती कोणाला म्हणते, कोण जाणे. इथे तर मीच असतो. मग ती चूल पेटवते, एकटीपुरती भाकर थापते.

दौलत, तुझ्या प्रत्येक पत्रात असतं, 'लवकरच येतो.' जिथून तू मला उचललंस तिथे 'लवकर' म्हणजे दहा लाख वर्षं. मला ती चालली, कारण मी कोणाची वाट पाहत नव्हतो. तुझी माय पाहते. परवा हॉर्न वाजला तो तिला ऐकूच आला नाही. शेजारणीने हाक मारून सांगितलं. ये रे बाबा, तिला तुझा आवाज ऐकू येतोय तोवर ये.