रिकाम्या खोलीतला एसी

रिमोटवर अजून दुकानातलीच प्लॅस्टिकची पिशवी होती, आणि पिशवीच्या आत तो अठराचा आकडा – काळपट, जरासा पुसट – खतीजा डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पुन्हा बघत होती, कारण चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता आणि उठायचा कंटाळा आला होता. राहिलने दोह्याहून शिकवलं तेव्हा सव्वीस म्हणाला होता. सव्वीसवर ठेव अम्मी, हाडं दुखणार नाहीत. आणि आज सकाळपासून अठरावर, राहिलच्या खोलीत, दार लोटून. खोलीत कुणी नाही. ती स्वतः बाहेर सोफ्यावर, पंख्याखाली, घामाने चिंब.

आजचा तिसरा दिवस. हे शहाण्या माणसाचं काम नव्हे, एवढं तिला कळत होतं. मघाशी कामाला येणारी चिंधी लादी पुसता पुसता थांबली होती.

"बीबी, आत येशी चालू हाय. आत तर कुनीच नाय."

"असू दे."

"बिल येल ना."

येऊ दे की, तेच तर हवंय… ओठांवर आलेलं तिने गिळलं. चिंधीच्या घरी एक दिवा आणि एक पंखा, तिला काय सांगायचं, की एक बाई बिल यावं म्हणून वीज जाळत बसली आहे?

हिवाळ्यात राहिलने गच्चीवर सोलर बसवून घेतलं, आणि तेव्हापासून बिल म्हणजे नुसता स्थिर आकार, बाकी शून्य. दिवसा वर तयार होते ती वीज बाहेर जाते, घरात वापरलेल्यातून वजा होते. पनवेलातला निम्मा मोहल्ला बघून गेला. नशीब काढलंस खतीजा, म्हणाले. काढलंच. पोराने तिकडच्या उन्हात राबून पाठवलेले पैसे, त्याला नावं ठेवली तर जीभ झडेल माझी. पण पूर्वी दर महिन्याला बिलाचा फोटो पाठवला, की तासाभरात फोन यायचा – अम्मी, एवढं कसं? – आणि मग सांगावंच लागायचं. इस्त्री जास्त झाली. का? अलिनाला बघायला माणसं आली होती. कुठली? उरणची… अन् बोलणं तासभर चालायचं. नझीरचं आजारपणसुद्धा असंच बाहेर पडलं. पंखा रात्रभर चालतो. का? तुझ्या अब्बांना झोप नाही. का? आडवं झालं की दम लागतो… चौथ्या दिवशी राहिल दारात उभा होता. आमच्या घरात वाईट बातमी सरळ कधी आलीच नाही, ती बिलाच्या पाठीमागून यायची.

आणि आता ही गाठ. उजवीकडे, काखेच्या जरा खाली, चिंचोक्याएवढी. डॉक्टरीणबाईंनी सोमवारची तपासणी लिहून दिली आणि म्हणाल्या, घरातलं कुणीतरी सोबत आणा. घरातलं कुणीतरी! लेकीचे, अलिनाचे, दिवस भरत आलेले, तिच्या कानावर हे घालायचं नाही. नझीर आता नाही. उरला राहिल. त्याला काय, फोन लावून एकदम म्हणायचं, बेटा, मला गाठ आली आहे? नाही जमत. घरातला वापर त्याला तिकडे मोबाईलवर तासातासाने दिसतो ना, मग दिसू दे. एकदा विचारू दे, एवढं कसं… म्हणजे मी सांगेन, गार खोली लागते, कारण झोप नाही, कारण…

पावणेतीनला फोन वाजला. तिने ओढणी सावरली, जणू तो समोर बसला होता.

"अम्मी, तीन दिवस बघतोय, दिवसभर एसी चालू आहे ना?"

"हां बेटा." आता विचारेल. आता.

"माशाल्ला! शेवटी ऐकलंस एकदाचं. आणि बिलाची फिक्र करू नको, पुढच्या मार्चपर्यंत पुरतील एवढे युनिट जमा आहेत. वापर बिनधास्त. तू आरामात आहेस हे दिसलं, की मला इथे काम सुचतं."

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तबियत ठीक आहे ना तुझी?"

"अगदी ठीक," खतीजा म्हणाली. लगेच म्हणाली, श्वाससुद्धा न घेता. मग त्याची जेवणाची सुट्टी संपली आणि फोन बंद झाला.

त्याने विचारलं होतं. वीज नाही, बिल नाही, सरळ तबियत विचारली होती… आणि मी ठीक म्हणाले. सहा महिने ती गच्चीवरच्या त्या निळ्या पत्र्यांवर चिडून होती, त्यांनी आमचं बोलणं खाल्लं म्हणून. आता तो राग कुठे ठेवावा तिला कळेना. नझीरची छाती तरी मी कुठे सांगितली होती, बिलाने सांगितली. बिल नसतं तर नझीर दम लागून, लागून… आणि मी, ठीक आहेत अब्बा, म्हणत राहिले असते. गाठ हाताला लागली त्या दिवशी ती घाबरली होती, पण आत्ता वाटली ती भीती त्याहून मोठी होती.

ती उठून राहिलच्या खोलीत गेली. आत इतका गारठा होता, की अंगावर काटा आला. पलंगाच्या कडेला बसून, दार बंद आहे ना बघून, ती हळूच म्हणाली, "बेटा, सोमवारी…" आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला. पुढे येईना. लाज वाटली, रडूही आलं थोडं. तिने पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं. या वेळी एक शब्द पुढे गेली, आणि तिथेच अडली. सोमवारला अजून चार दिवस होते.