कारणाचा रकाना

महिपती आबांनी देहूरोडच्या लष्करी डेपोत एकतीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली आणि निवृत्त होताना तिथून एकच सवय घरी आणली: जॉबकार्ड. कामशेतला घराच्या पडवीत दुकान थाटलं तेव्हा पाटी रंगवायच्या आधी त्यांनी कार्डं छापून घेतली. मशीन कुणाचं, तक्रार काय, काय काय केलं, आणि सगळ्यात खाली दोषाचं कारण. हा शेवटचा रकाना रिकामा ठेवून आबांनी एकही मशीन दाराबाहेर सोडलं नव्हतं. वडिवळ्याच्या एका मळणीयंत्राच्या कार्डावर 'उंदीर' आणि एका फवारणी पंपाच्या कार्डावर 'मालकाचा मेहुणा' असं त्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे.

दुकानात दुसरा एक विभाग होता, तो त्यांच्या पत्नी कस्तुराबाईंचा. पहिल्याच वर्षी आबांनी दुरुस्त करून दिलेला पंप दुसऱ्या दिवशी विहिरीत पडला. तेव्हापासून जाणाऱ्या प्रत्येक मशीनला कस्तुराबाई हळदकुंकू लावत आणि बिब्बा ओवलेला काळा धागा बांधत. मशीन परत आलं, तर जुना धागा आधी कापून इंद्रायणीत सोडायचा. आबांचा पाना त्यानंतर लागायचा. आबा या कामाकडे बघतसुद्धा नसत. डेपोतही दुसऱ्या विभागात नाक खुपसायची पद्धत नव्हती.

दिवाळीच्या आधी तुंगार्लीच्या एका बंगल्यातलं गवत कापायचं मशीन आलं. ते बुधानं आणलं. बुधा त्या बंगल्यावर अकरा वर्षं माळी होता. वरच्या ठाकरवाडीतून रोज पायी उतरायचा. दुधाच्या टेम्पोत मावावं म्हणून त्यानं मशीनचा दांडा सोडून वेगळा बांधला होता.

"आबा, ह्ये वरखाली करतंय," बुधा म्हणाला. "घटकाभर बोंबलतंय, घटकाभर मरतंय. अंगात आल्यागत."

आबांनी कार्बोरेटर उघडला. पेट्रोल जिथून येतं त्या जेटच्या भोकात केसाएवढा कचरा होता. तो काढला, मशीन घड्याळ लावून अर्धा तास चालवलं. एका सुरात चाललं. कारणाच्या रकान्यात 'जेटमध्ये कचरा' लिहून त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन बुधाच्या हवाली केलं.

चौथ्या दिवशी बुधा परत हजर. तक्रार तीच.

आबांनी चहा घेतला, मग दोरी ओढली. मशीन एका सुरात चाललं. वीस मिनिटं झाली, तीस झाली. आवाजात फरक नाही.

"बघा, तुमाला बघून गप बसलं," बुधा म्हणाला. "तितं लय नाचतंय वो."

"मशीन कुणाला बघत नाही, बुधा. हे बघ." आबांनी टाकीखालची बोटभर लांबीची पत्र्याची पट्टी दाखवली. तिला एक बारीक स्प्रिंग होती. "हा गव्हर्नर. गवत दाट लागलं की इंजिन दमतं, मग ही स्प्रिंग पट्टी ओढते आणि पेट्रोल वाढवते. गवत विरळ झालं की इंजिन सुसाट निघतं, मग आतली वजनं पट्टी ढकलून पेट्रोल कमी करतात. ही पट्टी मोकळी हलली पाहिजे. बस."

"म्हंजे घरातल्या बाईसारखं," बुधा म्हणाला. "कुणाला किती वाढायचं त्ये तिला ठावं."

आबांनी खात्रीसाठी स्प्रिंगसुद्धा नवी घातली. प्रश्न उरला शेवटच्या रकान्याचा. मशीन इथं चालतं, तिथं चालत नाही. इथल्यात आणि तिथल्यात फरक कशाचा? पेट्रोल एकाच पंपावरचं. हवा सारखीच. फरक एवढाच की तिथं ते बुधाच्या हातात असतं. आबांनी थोडा विचार केला आणि लिहिलं: 'हाताळणी.' बुधाला वाचता येत नव्हतं. त्यानं कार्ड खिशात घालून ते इमानानं मालकीणबाईंना नेऊन दिलं.

मालकीण राजेश्वरीबाई बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेल्या. पुण्याला राहत आणि शनिवार-रविवारी बंगल्यावर येत. रकान्यात लिहिलेल्या गोष्टीवर त्यांचा माणसापेक्षा जास्त विश्वास. त्यांनी आबांना फोन केला.

"महिपतराव, हाताळणी म्हणजे बुधाच ना?"

"तसंच म्हणावं लागतं," आबा म्हणाले.

"बरं झालं लेखी दिलंत. मशीन आज पुन्हा तसंच करतंय. पुढच्या महिन्यापासून मी लॉन कंत्राटदाराच्या माणसांकडे देतेय. बुधाला सांगितलंय. तरी उद्या या आणि माझ्यासमोर एकदा बघून जा, म्हणजे त्याच्यावर अन्याय नको."

फोन ठेवल्यावर आबांना जेवण गेलं नाही. कार्ड लिहिताना त्यांच्या डोक्यात फक्त मशीन होतं. त्या एका शब्दानं अकरा वर्षांचा माणूस घरी बसेल, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

रविवारी सकाळी ते पिशवी घेऊन तुंगार्लीला पोचले. राजेश्वरीबाई वेताच्या खुर्चीवर कार्ड हातात घेऊन बसल्या होत्या. बुधा हात मागे बांधून उभा होता. त्यानं नमस्कार केला. आबांनी दोरी ओढली. मशीन एकदा किंचाळलं, मग खोकत खाली आलं, पुन्हा किंचाळलं. शेजारच्या बंगल्यातलं कुत्रं त्याच तालावर भुंकू लागलं.

आबांची तपासणी दहा पायऱ्यांची. टाकीच्या झाकणाचं भोक, पेट्रोलची नळी, हवेचा फिल्टर, प्लग, जेट; एकेक करत ते सातव्या पायरीपर्यंत आले. आठवी पायरी गव्हर्नरची पट्टी आणि स्प्रिंग. ती त्यांनी सोडली. स्प्रिंग परवाच त्यांनी स्वतः घातली होती. स्वतःचं काम पुन्हा काय तपासायचं? नववी, दहावी झाली. मशीन नाचतच होतं.

"बुधा, तू चालव. मी बघतो."

बुधानं मशीन पाळणा ढकलावा तसं ढकललं. वळताना उचललं नाही, दगडाजवळ थांबून हातानं गवत बाजूला केलं. आबांनी दोन फेऱ्या पाहिल्या. हाताळणीत नाव ठेवायला जागा नव्हती.

"थांब," ते म्हणाले. "आठवून सांग. नेल्यापासून तू यात काय बदललंस?"

"काय न्हाई, आबा. दांडा जोडला. बाकी कशाला हात लावला न्हाई. तुमी बांधलेलंबी सोडलं न्हाई."

"मी काय बांधलंय?"

बुधानं गुडघ्यावर बसून टाकीखाली बोट दाखवलं. आबा वाकले, मग पालथे झाले. गव्हर्नरच्या पट्टीला आणि स्प्रिंगला मिळून काळ्या धाग्याचे तीन वेढे होते आणि खाली बिब्बा झोके घेत होता. स्प्रिंग ओढायची तेव्हा धागा अडवायचा, आणि इंजिन थरथरलं की बिब्बा पट्टीला हिसके द्यायचा. दांडा सोडलेल्या मशीनवर धागा बांधण्याजोगी तेवढी एकच गोष्ट बाहेर आलेली होती. कस्तुराबाईंचा काही दोष नव्हता.

"हे तू पहिल्यापासून बघतोयस?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, डेपोची रीत असंल. तुमी येवढं शिकलेलं मानूस, मी काय सांगनार?"

आबांनी धागा कापून मुठीत घेतला. दोरी ओढली. मशीन एका सुरात चालू लागलं. कुत्रं थांबलं.

राजेश्वरीबाई उठून आल्या. "काय सापडलं?"

स्प्रिंग, असं म्हणून सुटता आलं असतं. नव्या स्प्रिंगा खराब निघतात. कुणी विचारलं नसतं. डेपोचं नाव राहिलं असतं. आबांनी बुधाकडे पाहिलं. बुधा गवताकडे बघत होता.

"कार्ड द्या," आबा म्हणाले.

त्यांनी 'हाताळणी'वर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'दुकानातून बांधून दिलेला दृष्टीचा धागा. जबाबदार: दुकानदार. माळ्याचा दोष नाही.' मूठ उघडून बिब्बा दाखवला.

बाईंनी कार्ड दोनदा वाचलं. "खाडाखोड आहे. शेजारी सही करा. तारीखही घाला."

आबांनी सही केली, तारीख घातली.

"बुधा," बाई खुर्चीकडे जाताना म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात आंब्याची आळी करायची आहेत. आणि तो कोपरा राहिलाय बघ."

बुधानं कोपरा कापला. मग मशीन बंद करून पिशवी भरणाऱ्या आबांजवळ आला.

"आबा, तो बिब्बा द्या हिकडं. दांड्याला बांधतो."

"आता कशाला? एवढं झालं तेवढं पुरे नाही का?"

बुधानं खुर्चीकडे पाहून आवाज खाली आणला. "तुमी परत जानार. मला त्या नजरंत रोज ऱ्हायचंय."

आबांनी पिशवी बाजूला ठेवली. मग धागा स्वतःच दांड्याला बांधला, हलत्या भागापासून चांगला दोन फूट लांब, डेपोतली दुहेरी गाठ मारून. आणि कार्ड परत मागून घेऊन 'केलेली कामं' या रकान्यात लिहिलं: 'धागा योग्य जागी हलवला. तपासला.'