पाठिंबा असेल तर हॉर्न वाजवा

इंग्लंड-स्कॉटलंडच्या हद्दीवरच्या ट्वीड नदीच्या पुलावर सकाळीच दोन घोळके उभे होते. एकाकडे निळे झेंडे, स्कॉटलंड वेगळं करा म्हणणारे. दुसऱ्याकडे युनियन जॅक, देश एक ठेवा म्हणणारे. मधे माझी गाडी, आणि पिशवीत म्हाताऱ्या रदरफर्डचं इन्सुलिन. मी राहते इंग्लंडात, माझे पेशंट पलीकडे स्कॉटलंडात. कोरोनाची साथ आल्यापासून दोन्हीकडचे नियम वेगळे झालेत, म्हाताऱ्यांची साखर मात्र दोन्हीकडे सारखीच वाढते.

फलकांवर दोघांचाही मजकूर एकच होता: पाठिंबा असेल तर हॉर्न वाजवा.

वाट सोडा म्हणून मी हॉर्न दाबला, तर निळे झेंडेवाले नाचायला लागले. चिडून पुन्हा दाबला, तर समोरच्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी हॉर्नवरून हात उचललाच नाही, तेव्हा दोघंही मला आपलीच समजून बसले.

शेवटी काच खाली केली. "अरे बाबांनो, नर्स आहे मी. जाऊ द्या."

"दोनच मिनिटं, सिस्टर," एकजण वाकून म्हणाला. "व्हिडिओ चाललाय."

मास्क हनुवटीवर होता, म्हणून ओळखला. डूगल, रदरफर्डचा मुलगा. झेंडा कुठला होता ते मी बघितलंही नाही.

"तुझ्याच बापाकडे चाललेय," मी म्हणाले. "पोरगा कधी येणार, रोज विचारतो."

"जीव तुटतो हो माझा," तो म्हणाला. "पण सध्या कुणाच्या घरी जायला बंदी आहे ना. नियम म्हणजे नियम."

आणि झेंडा सावरत तो गर्दीत शिरला.