गेटवरचा बदली

अंबिकाची पुस्तिका तिसऱ्यांदा परत आली. पहिल्याच पानावर तिच्या साहेबांनी, रमाकांत सरांनी, लाल शाईत लिहिलं होतं, 'सगळं बरोबर आहे. पण हे कळणार कोणाला?'

आता बरोबर आहे म्हणायचं आणि परतही करायचं, याला काय म्हणावं! त्यापेक्षा चुकलंय म्हणाले असते तर अंबिकाला बरं वाटलं असतं. चूक निदान दुरुस्त करता येते.

परळच्या त्या ऑफिसात लागून तिला साडेपाच महिने झाले होते. ऑफिसनं एक सॉफ्टवेअर तयार केलं होतं, नाव 'पालट'. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर नव्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसते चौकोन आणि आडवीतिडवी चिन्हं दिसतात. पालट तो मजकूर नव्या अक्षरांत आणून देई, म्हणाल तर त्याचं वेबपान करी, म्हणाल तर पुस्तकाची फाइल करी. काम एकदम चोख. पण स्वभाव सासऱ्यासारखा. ना बटणं, ना चित्रं. काळा पडदा उघडायचा, त्यावर एका ओळीत हुकूम टाइप करायचा आणि एंटर मारायचं. हुकूम मराठीतच, पण एक शब्द इकडचा तिकडे झाला की स्वारी रुसलीच. गिऱ्हाईक म्हणजे गिरगावातले छापखानेवाले, ग्रंथालयं, गावकऱ्यांची मंडळं. त्यांच्यासाठी वापराची पुस्तिका लिहिणं हे अंबिकाचं काम होतं, आणि या पुस्तिकेवरच तिची नोकरी कायम व्हायची होती.

"शुक्रवारी बाहेरचा एक माणूस घेऊन ये," सर म्हणाले. "काळा पडदा जन्मात न बघितलेला. तुझी पुस्तिका वाचून, कोणाला काहीही न विचारता, त्यानं एक फाइल पालटून दाखवली की पुस्तिका पास. ती पास म्हणजे तूही पास."

कायम हा शब्द नायगावच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत फार जपून उच्चारला जाई. अंबिकाचे वडील गणपत नऊ वर्षं मिलमध्ये बदली होते. बदलीनं रोज सकाळी कार्ड घेऊन गेटवर उभं राहायचं. आतला कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहायचं. सगळे आले तर आल्या पावली घरी. नऊ वर्षं असं उभं राहिल्यावर साहेब म्हणाले, दिवाळीनंतर तुला कायम करतो. दिवाळी गेली, जानेवारी उजाडला आणि संप झाला. तो असा झाला की गेट पुन्हा उघडलंच नाही. मग गणपत गिरगावात एका छापखान्यात चिकटले. आधी छपाईचे शिशाचे खिळे जुळवले आणि कॉम्प्युटर आला तेव्हा पन्नाशीकडे झुकलेल्या वयात मराठी टायपिंग शिकले. माणूस रडणारा नव्हता.

म्हणून मंगळवारी संध्याकाळी अंबिकानं लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. "आबा, शुक्रवारची तालीम करूया. तुम्ही वाचा आणि करा. मी एक शब्द बोलणार नाही."

फाइल कुठली घ्यायची हा प्रश्नच नव्हता. लवूकाकांची भजनं! लवूकाका म्हणजे गणपतच्या शेजारच्या साच्यावरचे दोस्त. संपाच्या काळात दोघांच्या हातांना काम नव्हतं, पण लवूंच्या तोंडाला होतं. रोज एक भजन रचायचे आणि गणपत वहीत उतरवून घ्यायचे. दोनशे बारा भजनं झाली. पुढे गणपतनी छापखान्यात फावल्या वेळात ती टाइप केली, आणि बरंच केलं, कारण वह्या नंतर वाळवीनं खाल्ल्या. फाइल तेवढी उरली, जुन्या फॉन्टमधली. पंधरा वर्षं ती कोणाला वाचता आली नव्हती.

गणपतनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "वापरकर्त्याने प्रथम आगत प्रारूप निर्दिष्ट करावे, तदनंतर..." ते थांबले. "अंबिका, ह्यो वापरकर्तो कोण गो? आपल्या वळखीतलो?"

"तुम्हीच, आबा."

"मगे माझ्याशी सरळ बोल ना! भिंतीक सांगल्यासारख्या कित्याक लिवलंस?"

ओट्याजवळून शेवंती, म्हणजे अंबिकाची आई, खुदकन हसली. अंबिकाला राग आला, पण ती बोलणार नव्हती ना! गणपत चार पानं वाचून दोनदा पेंगले, एकदा पाणी प्यायले आणि अखेर मोठ्या हिमतीनं हुकूम टाइप केला. जुनी फाइल कुठली? 'लवूची भजनं'. नव्या फाइलचं नाव काय? गणपतनी क्षणभरही विचार केला नाही. 'लवूची भजनं'. एंटर.

पडद्यावर काहीच झालं नाही. अंबिकानं फाइल उघडली. आत पांढरं फटक. एक काना नाही, मात्रा नाही.

काय झालं ते तिला लगेच कळलं. पालट आधी नवी फाइल उघडतो आणि मग जुनी वाचतो. नाव एकच असेल तर नव्यासाठी जागा करताना जुनी पुसून जाते आणि वाचायला काही उरतच नाही. ऑफिसात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, म्हणून कोणी लिहिलं नव्हतं. तिनंही लिहिलं नव्हतं.

"आबा, तेच नाव कशाला दिलंत?"

"अगो, आपल्या घराण्यात नातवाक आज्याचाच नाव ठेवतत. माझो आजो गणपत, म्हणान मी गणपत. माणूस नवो, नाव जुना. फाइलीचा तसाच नाय?"

अंबिका लॅपटॉपवर डोकं टेकून ढसाढसा रडायला लागली. शुक्रवार गेला, नोकरी गेली, ते एक वेळ परवडलं असतं. पण लवूकाकांनी त्या उपाशी दिवसांत रचलेली दोनशे बारा भजनं तिच्या पुस्तिकेनं गिळली होती. काकांना कुठल्या तोंडानं सांगायचं?

गणपतनी तिला थोडं रडू दिलं. मग उठले, देवघरामागचा पत्र्याचा डबा काढला. त्यात त्यांचं पिवळं पडलेलं बदली कार्ड होतं आणि कार्डाखाली सुतळीनं बांधलेला एक पेनड्राइव्ह.

"ह्यो घे. ह्यात पण आसत भजनां."

अंबिकानं नाक पुसत वर पाहिलं.

"रडतंस कित्याक? नऊ वर्सां गेटार उभो रवलंय मी. कायमचो माणूस कधी दांडी मारीत ता कोण सांगणार? म्हणान गेटार बदली उभो होयोच. माझ्या प्रत्येक फाइलीचो बदली असता ह्या डब्यात." आणि मग मिस्कील चेहऱ्यानं विचारलं, "तुझ्या पुस्तकात बदलीचा कायच लिवलंस नाय?"

अंबिका रडता रडता हसायला लागली. आई म्हणाली, "आधी दोघांनी चार घास खावा, मग काय ती पुस्तकां लिवा."

जेवताना तिनं सरळच विचारलं, "आबा, तुम्ही गणपतीत एवढं लांबलचक गाऱ्हाणं घालता, एक शब्द मागेपुढे होत नाही. लक्षात कसं राहतं?"

गणपत त्यांच्या गावकरी मंडळाचे गाऱ्हाणं घालणारे होते. दरवर्षी गणपतीसमोर उभं राहून ते सगळ्यांच्या वतीनं देवाकडे मागणं मागत आणि प्रत्येक मागण्याला मागचे लोक 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरत. हातातला घास तसाच ठेवून ते म्हणाले, "त्यात काय मोठा? आधी देवाक हाक मारूची. मगे कोण इलो आणि खयसून इलो ता सांगूचा. मगे काय होया ता मागूचा. आणि शेवटाक, चुकला-माकला पदरात घे. मागणा अर्धवट रवला तर देव तरी काय देतलो?"

अंबिकाचा घास हातातच राहिला. पालटला हाक. मजकूर कुठून आला ते. कशात हवा ते. जुन्या फाइलचं नाव, नव्या फाइलचं नाव. क्रमसुद्धा तोच!

बुधवार आणि गुरुवार तिनं ऑफिसात बसून पुस्तिका पहिल्यापासून लिहिली. वापरकर्त्याला हाकलून दिलं. त्याच्या जागी 'तुम्ही' आले. पहिल्या प्रकरणाचं नाव ठेवलं 'आधी बदली उभा करा'. दुसऱ्यात पालटला मागणं कसं मागायचं ते, गाऱ्हाण्याच्या क्रमानं. शेवटच्यात चुकलंमाकलं: पालट रुसला तर काय म्हणतो आणि त्याला कसं समजवायचं. आणि मध्ये, ठळक चौकटीत, 'नातवाला आजोबांचं नाव देऊ नका.' शेजारच्या टेबलावरचा वसंत ते वाचून म्हणाला, "अगं ए, हे काय मॅन्युअल आहे का?" अंबिकानं त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. तिचं तिला कळलं होतं की आता मॅन्युअल झालंय.

शुक्रवारी तिनं ऑफिसात लवूकाकांनाच आणलं. वय सत्तर, सदऱ्याला इस्त्री, कपाळाला बुक्का. बरोबर गणपतही आले, नुसतं बघायला. काचेचं ते उंच ऑफिस पाहून लवूकाका दाराशी घुटमळले आणि गणपतच्या कानात म्हणाले, "गणपा, कार्ड दाखवूचा लागता काय रे?"

रमाकांत सरांनी नियम सांगितला. काकांनी वाचायचं आणि करायचं. बाकीच्यांनी तोंडातून ब्र काढायचा नाही.

लवूकाका एका बोटानं टाइप करणारे. एकेक अक्षर शोधून काढताना जीभ बाहेर. पण वाचत होते तसं करत होते. आधी फाइलचा बदली पेनड्राइव्हवर उभा केला. मग पालटला हाक मारली, कुठून, कशात, सगळं क्रमानं. जुन्या फाइलचं नाव झालं. आता नव्या फाइलचं नाव. काकांनी पान न उलटताच टाइप करायला घेतलं. ल. व. ऊकार.

अंबिकानं खुर्चीची कड घट्ट धरली. गणपतनी छताकडे पाहिलं. पान उलटा, काका, पान उलटा!

काकांनी जीभ आत घेतली, बोट ओलं केलं आणि पान उलटलं. चौकट वाचली. मान हलवत हसले. "गणपा, ह्या तुझ्याच करणीचा दिसता," असं म्हणत त्यांनी टाइप केलेलं पुसून काढलं. थोडा विचार केला आणि सावकाश एकेक अक्षर लिहिलं. नव्या फाइलचं नाव झालं 'गणपतनं लिहिलेली भजनं'.

गणपतनी खिशातून रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसायला लागले.

हुकूम पुरा झाला. फक्त एंटर उरलं. लवूकाकांनी बोट वर उचललं, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बा पालटा म्हाराजा! चुकला-माकला असात तर पदरात घे, आणि माझी भजनां माका परत दी, रे म्हाराजा!"

आणि थांबले. बोट वरच. गाऱ्हाण्याला होकार आल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही रीत. ती ते मोडणार कसे? आणि बोलायचं तर कोणीच नाही, असा सरांचा हुकूम. दहा सेकंद गेले, वीस गेले.

तेव्हा रमाकांत सरच, स्वतःच घातलेला नियम विसरून, टेबलावर थाप मारून ओरडले, "व्हय म्हाराजा!"

खाली बोट आलं. एंटर.

अंबिकानं नवी फाइल उघडली. पहिलंच भजन स्वच्छ नव्या अक्षरांत समोर उभं होतं. लवूकाका वाचायच्या ऐवजी गायलाच लागले:

"मिलचा गेट बंद झाला, देवा
तुझा दार उघडा ठेव..."

गणपतनी टेबलावर ठेका धरला. वसंतनं स्टीलच्या ग्लासावर चमचा वाजवला. परळच्या त्या एसीतल्या ऑफिसात भर दुपारी अख्खं भजन झालं, आणि सरांनी दुसरंही म्हणायला लावलं. अंबिकाला इतका आनंद झाला की आपण पास झालो की नाही हे विचारायचंही तिला सुचलं नाही.

सोमवारी पत्र हातात आलं. ती धावतच घरी आली आणि ते आबांच्या हातात दिलं. गणपतनी अक्षराखाली बोट धरून वाचलं. 'कायम' या शब्दाशी बोट आलं आणि तिथंच थांबलं. मग उठले, चपला घातल्या आणि पत्र घेऊन जिना उतरले.

"अवो, आधी देवासमोर तरी ठेवा!" शेवंती मागून ओरडली.

दहा मिनिटांत परत आले. पत्र देवासमोर ठेवलं, हात जोडले. मग दुसऱ्या हातातले दोन कागद दाखवले. त्याच पत्राच्या दोन झेरॉक्स.

"ह्यो कायमचो," पत्राकडे बोट दाखवून ते अंबिकाला म्हणाले, "आणि हे दोघे बदली."

त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. त्यांनी पत्र्याचा डबा काढला, आपल्या पिवळ्या कार्डावर दोन्ही झेरॉक्स नीट घडी करून ठेवल्या, झाकण दाबून लावलं आणि म्हणाले, "शेवंते, आता चाय टाक."