साडेसदतीस

पिल्लं उबवायची खोली घरामागे, पायऱ्या उतरून होती, आणि दोन्ही जावांचं घर त्या खोलीवर चालायचं. आत कपाटाएवढी लाकडी पेटी, पेटीत अंड्यांचे ट्रे, खाली हीटर, वर पंखा. थोरलीची पद्धत ठरलेली. येता-जाता पेटी उघडायची, एक अंडं उचलायचं आणि मिटलेल्या पापणीला टेकवायचं. हाताला कळत नाही ते पापणीला कळतं, असं ती म्हणे. पण तिचे गुडघे बोलू लागले, पायऱ्या नकोशा झाल्या, आणि धाकटीनं मनावर घेतलं की पेटीतली ऊब घरातल्या स्क्रीनवर दिसली पाहिजे. त्यासाठी ती कोडिंग शिकायला बसली.

कोडिंग म्हणजे रोज नवी सासू. एक स्वल्पविराम विसरला की स्क्रीनभर लाल अक्षरं, कंस मिटायचा राहिला की पुन्हा लाल अक्षरं. धाकटी दोनदा रडली, एकदा कीबोर्डवर लाटणं उगारलं. भाची फोनवरून समजावायची, "मावशी, त्या शिव्या नाहीत गं. काय बिघडलंय ते सांगतंय ते. आधी वाच तरी!" पण लाल रंग दिसला की धाकटीचं डोकंच बंद पडे.

पेटीत ऊब मोजणारा सेन्सर बसवला आणि अखेर प्रोग्राम चालला. पेटीतला आकडा स्क्रीनवर आला आणि तिचा जीव भांड्यात पडला. तरी मधूनच, कुणी हात न लावता, लाल अक्षरं उगवायची आणि आपोआप जायची. "हे काय गं?" थोरली विचारायची, आणि धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चूक आपलीच, दुसऱ्या कुणाची असणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. मग एका व्हिडिओत तिला उपाय सापडला. चूक आली तर दाखवू नकोस, मागचाच आकडा ठेव आणि पुढे चल. दोन ओळी लिहिल्या आणि लाल अक्षरांचं तोंड बंद झालं. भाचीला मात्र तिनं हे सांगितलं नाही.

"ताई, आता पेटी उघडायची नाही हं. उघडली की ऊब जाते. नुसता स्क्रीन बघायचा."

"बरं बाई. म्हातारपणी देवानं नाही, तू सुख दिलंस," थोरली म्हणाली.

घरात शांतता आली. स्वयंपाक करताना साडेसदतीस अंश, कपडे वाळत घालून आलं तरी साडेसदतीस. पूर्वी आकडा जरा खाली-वर व्हायचा, आता हलेना. धाकटीला आधी अभिमान वाटला. मग कसंसंच वाटू लागलं. पण चालत्या गाडीला खीळ कशाला घाला, म्हणून ती गप्प बसली.

पेटीला पाठ लावून झोपणारी मांजर एक दिवस उठली आणि उन्हातल्या पायरीवर जाऊन बसली. पुन्हा आत आलीच नाही.

"रुसलीय कुणावर तरी," थोरली म्हणाली. दोघी हसल्या, पण धाकटीला भीती वाटली.

अंड्यांच्या आत टकटक ऐकू यायचा दिवस उजाडला. धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून थोरली पायऱ्या उतरली आणि पेटीला कान लावून उभी राहिली. पंखा घुमत होता, बाकी काही नाही. तिनं कान काढला नाही.

"आकडा ठीक आहे ना गं?"

धाकटी घरात धावली. बसायचंही भान न राहता तिनं त्या दोन ओळी खोडल्या. लाल अक्षरं धबाधबा उतरली. या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. सेन्सर सापडत नाही. एवढंच होतं, ओळीमागून ओळ.

ती परत आली आणि पेटीच्या मागे वाकली. सेन्सरची आणि हीटरची तार एकाच पट्टीत कसलेली होती. पट्टीचा स्क्रू ढिला होऊन दोन्ही तारा लोंबत होत्या. पंख्याची तार वेगळी, म्हणून तो बिचारा फिरत राहिला होता. मधूनमधून उगवणारी ती अक्षरं तिची चूक सांगत नव्हतीच. ती या स्क्रूची तक्रार करत होती.

"ताई, मीच," ती खाली बसली. "ते सांगत होतं. मीच त्याचं तोंड बांधलं. शिव्या घाला मला."

थोरलीनं शिवी दिली नाही. पेटी उघडून तिनं एक अंडं घेतलं, पापणीला टेकवलं आणि जपून जागच्या जागी ठेवलं.

"परवा तू बाजारात गेलीस, तेव्हा मी उतरले होते इथे," ती म्हणाली. "लावून बघितलं. गार लागलं."

"मग बोलला का नाहीत?"

"आकडा ठीक होता ना. मला वाटलं, गुडघ्यांसारखी आता माझी पापणीही गेली."