खोलीतला दुसरा माणूस

दूरध्वनी केंद्राच्या दुरुस्ती विभागात तो नोकरीला लागला, त्या दिवशी तिथल्या वयस्क तंत्रज्ञाने त्याला एकच नियम सांगितला होता. उघड्या यंत्रात वीज खेळत असेल तेव्हा खोलीत दुसरा माणूस हवा. त्या माणसाने कामाला हात लावायचा नाही. मुख्य बटणाशेजारी बसायचे, आणि काम करणारा विजेला चिकटला तर त्याला न शिवता आधी बटण बंद करायचे.

नोकरी संपली तरी नियम सुटला नाही. नोकरीत असल्यापासूनच घरी तो व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर बांधत असे. पत्रा स्वतः कापायचा, ट्रान्स्फॉर्मरच्या तारा स्वतः गुंडाळायच्या, एकेका जोडाला डाख द्यायचा. वर्षाकाठी एखादा पुरा व्हायचा आणि कुणा ओळखीच्याकडे जायचा. गाण्याचे त्याला फारसे वेड नव्हते. व्हॉल्व्हच्या काचेच्या नळीत तार हळूहळू तांबूस होत जाते, ते पाहण्यात त्याला खरा आनंद होता. आणि सव्वीस वर्षे त्या बटणाशेजारी ताई बसत आली होती. ती शाळेत भूगोल शिकवायची. मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसायची, तो आकडे सांगेल ते वहीत उतरवून घ्यायची आणि मधूनच म्हणायची, "तू पडलास तर आधी हा पेपर संपवीन, मग बटण. पोरगं पास होतंय."

लग्न दोघांनीही केले नव्हते. मग एकसष्टाव्या वर्षी ताईने शाळेतल्या निवृत्त चित्रकला शिक्षकांशी लग्न केले आणि ती दोन तासांच्या अंतरावर राहायला गेली. निघताना तिने विचारले होते, "तुझं कसं होईल रे?" त्याने तिची पेटी उचलत उत्तर दिले होते, "माझं काय अडणार आहे?"

तिला जाऊन आता तीन महिने झाले होते. नवा अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर तयार होता आणि गेले अकरा दिवस त्यात वीज गेली नव्हती. रोज सकाळी तो प्रत्येक जोड भिंगाखाली तपासून घेई, व्हॉल्व्ह बसवी, पुन्हा काढून ठेवी. कुणाला बोलवावे, याचा विचार करताना डोळ्यांपुढे चेहरा येत नसे. तासभर नुसते येऊन बसा, असे ज्याला म्हणता येईल असा माणूस आयुष्यात जोडायचा राहून गेला होता, कारण तशी वेळच कधी आली नव्हती.

बाराव्या दिवशी त्याने, झटका छातीतून जाऊ नये म्हणून, डावा हात खिशात घातला आणि उजवा बटणाकडे नेला. तेवढ्यात फोन वाजला.

"काय करतोयस?" ताईने विचारले.

"तपासणी. व्होल्टेज बघायचंय."

"एकटाच?"

"छे! वरचे काका बसलेत ना."

"कोणते वरचे काका?"

"अगं तेच, जाड चष्म्याचे."

"ते गेल्या वर्षीच मुलाकडे गेले रे राहायला. त्यांचं कपाट जिन्यातून उतरवायला तूच हात लावला होतास."

त्याला कपाट आठवले. चष्म्यामागचा माणूस आठवला नाही.

"बटण बंद आहे?" तिने वर्गातल्या आवाजात विचारले.

"आहे."

"मग बंदच राहू दे. रविवारी येते मी. आणि त्या काकांना सांग, घरी जा म्हणावं."

रविवारी ती तीनला आली. त्याने तिची खुर्ची पुसून ठेवली होती. "पाहुणी आहे का मी?" म्हणत ती बसली आणि पिशवीतून चष्मा काढला. "पाचची बस गाठायचीय मला. यांचं पथ्याचं जेवण असतं. चल, आटप."

त्याने बटण दाबले. काचेत तांबूस उजेड धरला. एक हात खिशात ठेवून तो मीटरची टोके एकेका ठिकाणी टेकवू लागला. "चारशे वीस," तो म्हणाला. ताईने लिहिले. "डावा व्हॉल्व्ह, बेचाळीस." तिने लिहिले. उजव्याचा आकडाही बेचाळीस यायला हवा होता. पहिल्याच फेरीत जोडी जुळणे क्वचित घडते. काटा बेचाळीसवर येऊन स्थिरावला.

"एकोणपन्नास," तो म्हणाला. "जुळत नाहीये. बदलून बघावा लागेल. पुढच्या रविवारी पुन्हा बसावं लागेल आपल्याला."

पेन्सिल चालल्याचा आवाज आला नाही. त्याने मान वळवली. ताई वहीकडे पाहत नव्हती, मीटरकडे पाहत होती.

"बेचाळीस आहे," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं तो काटा बघतेय मी."

तिने बेचाळीस लिहिले. त्याने मीटरची टोके उचलली. ताईनेच हात लांब करून बटण बंद केले. वीज तोडली तरी आतल्या कंडेन्सरमध्ये भार उरतो. तो उतरेपर्यंत दुसऱ्या माणसाने उठायचे नसते. त्याने मीटरची टोके त्यावर लावून ठेवली आणि दोघे काट्याकडे पाहत बसली. काटा तीनशेवर आला, मग दोनशेवर. तांबूस उजेड केव्हाच विझला होता.

"महिन्यातून एक रविवार," ताई म्हणाली. "पहिला. त्याहून जास्त नाही रे जमणार मला. तिथेही माणूस आहे."

"एवढ्यात दुसरा बांधून व्हायचा नाही."

"नाही झाला तर राहिलं. मी येईन."

काटा पन्नासवर रेंगाळला. तिने घड्याळ पाहिले, पण ती उठली नाही. पुढे वीस, दहा. तो आणखी थोडा वेळ थांबला.

"उतरला," तो शेवटी म्हणाला.

ताईने चष्मा पिशवीत टाकला आणि चपला शोधू लागली.